एकसष्ट तासांची कोलंबी

मुंबईहून हॅलिफॅक्सला जायला वीस तास लागतात. मी एकसष्ट सांगितले.

हे कागदावर उतरवायला मला पंचवीस वर्षं लागली. तोंडी मी ते पूर्वीही सांगितलं आहे, आणि ज्यांना सांगितलं त्यांनी मला लगेच सोडून दिलं. बायको म्हणाली, "तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास." एक जुना सहकारी म्हणाला, "अरे, तू खोटं कुठे बोललास? पुस्तकात होतं तेच सांगितलंस ना?" एका शेजाऱ्यांनी तर मला उलट शाबासकी दिली, अडाणी बाईला एकटीला परदेशी धाडण्यातला धोका तू ओळखलास, म्हणाले. मला यातली एकही सुटका नको आहे. केलं ते मी केलं, समजून उमजून केलं, आणि ते लहान होतं असं मला कोणी पटवून देऊ नये.

त्या दिवसांत मी अंधेरी पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं लिहायचो. लिहायचो म्हणजे खरोखर हातानं. तिकीट म्हणजे चार-पाच पातळ कुपनांचं छोटं पुस्तक असायचं, पाठीला लाल कार्बन. बॉलपेन असं दाबून लिहायचं की शेवटच्या पानावर अक्षर उमटलं पाहिजे. माझ्या टेबलावर टेलिफोन डिरेक्टरीहून जाड असं वेळापत्रकांचं पुस्तक असे. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, त्यांच्यामधली विमानं, वेळा, कुठे उतरून कुठे चढायचं, सगळं त्यात. शेजारी दुसरं पुस्तक, मैलांचं.

त्या पुस्तकांत दोन गमती होत्या आणि दोन्ही या गोष्टीत येतात, म्हणून सांगून टाकतो.

पहिली गंमत घड्याळाची. पुस्तकातल्या वेळा त्या त्या गावच्या असत. सकाळी आठला मुंबईहून निघालेला माणूस लंडनला विमान बदलून त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला हॅलिफॅक्सला उतरतो. घड्याळ म्हणतं, साडेदहा तास. पण वाटेत त्याचं घड्याळ साडेनऊ तास मागे गेलेलं असतं, ते धरले की खरे वीस. हा हिशोब आमच्या एजन्सीत माझ्याइतका झटपट कोणाला जमत नसे.

दुसरी गंमत मैलांची. त्या काळी भाडं मैलांवर ठरायचं. मुंबई ते हॅलिफॅक्स सरळ लंडनमार्गे सात हजार तीनशे मैलांच्या आसपास. पण भाड्याला जी मर्यादा असे ती याहून बरीच जास्त असे, आणि त्या मर्यादेत बसेपर्यंत तुम्ही कुठूनही वळसे घेत जा, भाडं तेच. हौशी लोक याचा फायदा घेऊन एका भाड्यात चार शहरं बघत. असे मार्ग जुळवणं हे माझं कसब होतं. मालक मला गिऱ्हाइकांसमोर मिरवत. "बोला, कुठे जायचंय? हा पोरगा तुम्हाला पृथ्वीवरून फिरवून आणेल."

हा पोरगा तोवर पुण्यापलीकडे गेला नव्हता. सहार विमानतळावरून उठणारी विमानं आमच्या गच्चीवरून दिसायची, तेवढाच माझा विमानाशी संबंध. हे लक्षात ठेवा. मी ते बरीच वर्षं स्वतःपासून लपवत होतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून एक मावशी मासळी घेऊन यायची. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार; बाकीच्या वारी आमच्याकडे कोणी खात नसे. पहिल्या मजल्याच्या जिन्याशी पाटी उतरवायची आणि तिथूनच हाक द्यायची. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं भक्कम, पण पाय कायम सुजलेले. माझी आई तिच्याशी वीस वर्षं भांडत होती आणि वीस वर्षं तिच्याचकडून घेत होती. आई पापलेटाचे कल्ले उचलून नाक मुरडायची, तर मावशी म्हणायची, "बाय, पहाटे पाचला पान्यातून आयलाय यो. तू अजून अंथरुनात व्हतीस." आणि खरंच असायचं ते. मासा पाण्यातून निघून किती तास झाले हे ती डोळे, कल्ले आणि बोटाचा दाब यांवरून अर्ध्या तासाच्या फरकानं सांगायची. बाजारातल्या दुसऱ्या बायका सकाळचा म्हणून रात्रीचा माल विकायच्या. त्यांना ती लांबूनच ओळखायची आणि तोंडावर सांगायची.

मावशीला वाचता येत नव्हतं. तिची मुलगी मात्र शिकून नर्स झालेली. आधी आखातात गेली, मग जहाजावर इंजिनियर असलेल्या मुलाशी लग्न करून हॅलिफॅक्सला, कॅनडाच्या पूर्व टोकाला. तिची पत्रं आमच्या पत्त्यावर यायची, कारण ती वाचून दाखवणारा मी होतो. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मावशी बसायची, मी उभ्यानं वाचायचो, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ती म्हणायची, "आते परत वाच, पहिल्यापासून."

त्या हिवाळ्यात पत्र आलं की मुलीला दिवस गेलेत, आठवा लागायला आला आहे. आधीचं मूल सातव्यात गेलेलं. जावई बोटीवर, बाळंतपणाच्या वेळी घरी असेलच असं नाही. शेवटी लिहिलं होतं, "आई, या वेळी तू हवीस. व्हिसाचे कागद होऊन आलेच आहेत. तिकिटाचे पैसे मी इथेच भरलेत. तिथल्या एजन्सीत फक्त तारीख आणि मार्ग ठरवून लिहून घ्यायचं आहे." एजन्सी म्हणजे आमचीच. माझंच नाव तिनं तिकडच्या ऑफिसात दिलं होतं.

मावशीनं त्या दिवशी पत्र परत वाचायला सांगितलं नाही. पाटीवरचं ओलं फडकं नीट केलं आणि विचारलं, "कवरा येल लागतो रे बाला? बसून ऱ्हावाचा कवरा?"

"पुस्तकात बघून सांगतो," मी म्हणालो. खरं तर मला तिथेच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे दोघे मुलगे बिल्डिंगखाली उभे होते. त्यांची स्वतःची बोट होती. थोरला बोलायचा, धाकटा नुसता बघायचा. थोरल्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पापलेटं होती, एवढी मोठी की आमच्या घरी तशी दिवाळीच्या आसपासही येत नसत.

"आई बोलली तुला?" थोरल्यानं विचारलं.

"पत्र मीच वाचलं ना."

"ती नाय जाऊ शकत यार. बघ, बंदरावर सगळं तीच बघते. आम्ही मासळी आणतो, पुढचं तिच्या हातात. आमच्या बायका नव्या हायत, दलाल त्यांना उभ्या उभ्या खाऊन टाकतील. आणि तिचे पाय बघितलेस? तिथे हरवली तर कोनाला विचारेल ती? ती कुर्ल्याच्या पलीकडे गेली नाय कधी."

"मग तुम्ही सांगा तिला."

"आमचा ती ऐकते काय?" थोरला हसला. "तुझा ऐकते. तू पुस्तकातून सांगितलास तर तिला पटेल. तीन दिवस लागतात सांग. पाय खाली सोडून तीन दिवस. ती आपोआप नको बोलेल."

"तीन दिवस लागत नाहीत."

"तू सांगितलास की लागतात." आणि त्यानं पुडकं माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं. आईला सांगितलं की ऑफिसातल्या एकाचा वाढदिवस होता, त्यानं दिली. ती तुकडी तव्यात कशी फुलली होती हे मला आजही सांगता येईल.

आता इथे कोणी म्हणेल की पोरांची भीती खरी होती. होतीच. त्यांना मी वाईट म्हणत नाही. पण मी त्यांच्या भीतीपोटी काही केलं नाही. पापलेटासाठीही नाही, पापलेट हा वरचा भाग झाला. त्या रात्री झोपताना माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: ही बाई, ओल्या पाटीची, विमानाच्या खिडकीशी बसली आहे, आणि मी खाली टेबलाशी बसून तिचं तिकीट लिहितो आहे. जगभरचे मार्ग मला पाठ, आणि माझ्याआधी लंडनला उतरणार ती. मला तिचा हेवा वाटला. हे वाक्य लिहायला फार वेळ लागला, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी दोन्ही पुस्तकं पुढे घेतली आणि माझं कसब पणाला लावलं. मुंबई ते कैरो. कैरोला रात्रभर मुक्काम. कैरो ते रोम, रोम ते पॅरिस, पॅरिसला पुन्हा मुक्काम, पॅरिस ते मॉन्ट्रियल, तिथे पाच-सहा तास, आणि मग हॅलिफॅक्स. मैल साडेआठ हजारांच्या पुढे गेले, पण मर्यादेत जेमतेम बसले. एकसष्ट तास. प्रत्येक विमान खरं, प्रत्येक वेळ खरी, प्रत्येक पानाचा आकडा मी बाजूला लिहून ठेवला. कुठल्याही अधिकाऱ्यानं येऊन तपासलं असतं तरी एक चूक सापडली नसती. इतकं काळजीपूर्वक मी कधी खरंही बोललो नव्हतो.

शुक्रवारी मावशी आली तेव्हा मी कागद घेऊन जिन्यात गेलो.

"एकसष्ट तास, मावशी. चार ठिकाणी उतरून चढायचं."

"एकसष्ट म्हंजे?"

"अडीच दिवसांच्या वर."

ती कागदाकडे बघत राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला ते माहीत होतं. "तू बगितलास पुस्तकात? नीट?"

"नीट बघितलं."

तिनं आपल्या पायांकडे बघितलं. मग पाटीचं फडकं बाजूला करून आईला हाक मारली, "बाय, बोंबील घेतेस काय? आज चांगला हाय." त्या दिवशी ती भावावरून भांडलीही नाही. आई म्हणेल त्या किमतीला देऊन टाकलं. आईला वाटलं, तिची तब्येत बरी नसेल.

तीन आठवडे तिनं जाण्याचा विषय काढला नाही. पोरं मला बस स्टॉपवर दिसली की थोरला हात वर करायचा. मी ऑफिसात इतर लोकांना जपान, ब्राझील, कुठे कुठे पाठवत होतो. मधे मुलीचं एक पत्र आलं, "आई, तारीख कळव." ते मी वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "लिही, बगते म्हून." मी लिहिलं, बघते म्हणून.

मग एका बुधवारी संध्याकाळी पाच वाजता ती आमच्या ऑफिसात आली.

आमचं ऑफिस छोटं होतं, पण एसी होतं, आणि मालकांना त्याचा अभिमान होता. काचेचं दार, खाली गालिचा, खुर्च्यांवर तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली. मावशी नऊवारी काष्ट्यात, केसांत अबोली, हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. पाटी तिनं दाराबाहेर ठेवली होती. ती सरळ माझ्या टेबलाशी आली, डबा माझ्या वेळापत्रकाच्या पुस्तकावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"सोमवारी पहाटे चारला केली," ती म्हणाली. "कोलंबीचा सुका. थंडीत खाटेखाली ठेवला. दुसऱ्या कोनी हात लावला नाय. आज बुधवार, पाच वाजले. कवरा झाला?"

मी मनातल्या मनात मोजलं.

"तुना मोजता येतो ना? मग मोज."

"एकसष्ट," मी म्हणालो.

"आते उघड."

मी उघडला नाही. तिनंच उघडला. एसीच्या थंड हवेत तो वास एका क्षणात सगळीकडे गेला. खुर्चीवरच्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. मालक आतल्या केबिनमधून बाहेर आले, "अरे हे काय चाललंय? कोण आहे ही?"

मावशीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "वास घे," ती मला म्हणाली. "नीट घे. दोन वरसांमागं माझी पोरगी गेली तवा तिना मी ह्योच डबा दिलता. ह्याच येलेला केलता, पहाटे चारला. तिचा कागद आयला. कोनी वाचला?"

मी वाचला होता. मला त्यातला शब्दन् शब्द आता आठवत होता. *आई, पोचल्याबरोबर तुझी कोलंबी पावाबरोबर खाल्ली. जराही वास नव्हता, जशी काय आत्ता केलेली.* जिन्यात उभं राहून मी ते दोनदा वाचलं होतं, आणि मीच विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

"काल सकाली मी ह्यो डबा उघडून बगितला," ती म्हणाली. "झकास व्हता. एक दिस झाला, वर थोडा. आज बग. तुझ्या एकसष्ट तासांत माझ्या पोरीनी काय खाल्ला असता रे? ह्यो? मानूस खोटा बोलतो. कोलंबी नाय बोलत."

मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवला होता: गिऱ्हाइकासमोर चूक कधी कबूल करायची नाही, एअरलाइनवर ढकलायची. ते गोड आवाजात म्हणाले, "मावशी, पुस्तक बदलतं दर महिन्याला. विमानांच्या वेळा बदलतात. पोराची काही चूक नाही." आणि माझ्या कानाशी, "गप्प बस. मी बघतो."

माझ्या आयुष्यात मी फार थोड्या वेळा मान वर केली असेल. त्यातली ही पहिली, आणि ती तिनं करायला लावली म्हणून झाली.

"वेळा बदलल्या नाहीत," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं, मावशी. वीस तास लागतात. लंडनला एकदाच उतरायचं, तीन तास बसायचं. दोन वर्षांपूर्वीही वीसच होते, तीन आठवड्यांपूर्वीही वीसच. मला माहीत होतं."

खुर्चीवरच्या बाई नाकावरचा पदर विसरून बघत राहिल्या. मालकांचा हात खांद्यावरून निघाला.

मावशीनं डब्याचं झाकण लावलं. "कोनी सांगितला तुला? माझ्या पोरांनी?"

"त्यांनी विचारलं. सांगितलं मी."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती, जशी ती बाजारात दुसरीच्या टोपलीतल्या माशाकडे बघायची. मग म्हणाली, "लिही तिकीट."

मी पुस्तक उघडलं. मालक म्हणाले, "नंतर कर, आधी बाकीचे लोक बघ." मी म्हणालो, "आधी हे." त्यांना मी असं कधी बोललो नव्हतो. फोन लावले. पहिली पक्की जागा बारा दिवसांनी होती. त्याआधी काही नाही, लंडनपर्यंत मिळत होतं तर पुढे मिळत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी मिळाली असती. मी ते तिला सांगितलं, कारण आता एक शब्दही कमी सांगायचा नव्हता. तिनं मान हलवली. मग ती माझ्यासमोर बसून राहिली आणि मी एकेक कुपन लिहिताना बघत राहिली, मी बॉलपेन किती दाबतो ते सुद्धा.

नवव्या दिवशी आमच्या पत्त्यावर तार आली. शुक्रवार होता. मी ती हातात घेऊन जिन्याशी थांबलो आणि मावशी आल्यावर वाचली. काल मुलगी झाली. दोघी बऱ्या. जावई अजून समुद्रात.

"एकलीच व्हती?" तिनं विचारलं.

"हो."

"परत वाच."

मी परत वाचलं. तार दोन ओळींची असते, परत वाचून वाढत नाही. मावशी पायरीवर बसून रडली नाही. पाटीत हात घालून बर्फाचा खडा उचलला, तो तळहातावर पूर्ण विरघळेपर्यंत धरून ठेवला, आणि हात पदराला पुसला.

दुसऱ्या दिवशी थोरला ऑफिसबाहेर उभा. धाकटा मागे. "झालं ना आता सगळं," थोरला म्हणाला. "सुखरूप झालं. आता ती कशाला जाते? तू सांग तिला, तिकीट रद्द कर. त्या कोलंबीच्या लफड्यात तू आमची वाट लावलीस, एवढं तरी कर."

"नाही करणार."

"पापलेट खाल्लास तेव्हा?"

"खाल्लं. ते परत देता येत नाही, म्हणून यापुढे तुमचं काही ऐकणार नाही. तिचे पाय सुजले तर मी विमानातल्या बाईला चिठ्ठी लिहून देतो. लंडनला कुठल्या दारातून जायचं त्याचं चित्र काढून देतो. रद्द मात्र करणार नाही."

थोरल्यानं माझ्या शर्टाची कॉलर धरली. मी लहानखुरा माणूस, त्याचे हात जाळी ओढणारे. मी हात सोडवला नाही, नजरही काढली नाही. कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला, "ए, ऑफिसच्या दारात नको." त्यानं कॉलर सोडली. धाकटा पहिल्यांदाच बोलला, "दादा, चल. आईनं सामान बांधलाय. ती जानार हाय. उगाच कशाला."

सहारला तिला पोचवायला मी गेलो, पहाटेच. दोघे मुलगेही आले होते, सुना, चुलत भावंडं, बंदरावरच्या बायका मिळून पंधरा-वीस माणसं. तिच्या पिशवीत सुकी मोरी मासळी होती, बाळंतिणीच्या दुधासाठी, आणि पहाटे केलेल्या कोलंबीचा तोच डबा. मी तिला माझ्या हातानं काढलेली चित्रं दिली: लंडनचं दार, बाण, दुसरं दार. वाचता येत नसलेल्या माणसासाठी मार्ग कसा लिहायचा हे मी त्या बारा दिवसांत शिकलो. घड्याळाचं समजवायला गेलो, की लंडनला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू नका, ते तुम्हाला फसवेल, तर ती म्हणाली, "माझा घड्याल पान्यात हाय. भरती, ओहोटी, भरती. आनि वर थोडा. वीस तास म्हंजे तवराच ना?"

मी हिशोब केला, एकेक पाणी सहा तासांच्या वर. तेवढाच होता.

"मग आते जातंय," ती म्हणाली. आत जाताना मागे बघितलं नाही. बंदरावरच्या बायका हसत होत्या, रडत होत्या, थोरला खांब धरून उभा होता. विमान उठताना मी तिथेच थांबलो. हेवा वाटतो का ते तपासलं. वाटत होता, थोडा. तेही लिहून ठेवतो.

एजन्सी मी पुढे वर्षभरातच सोडली. मालकांशी पटेना. कोणी विचारलं, किती वेळ लागतो, तर मी सर्वांत कमी वेळ आधी सांगायचो, आणि मालकांना काही गिऱ्हाइकांना जास्त कमिशनच्या मार्गांनीच पाठवायचं असे. "पुस्तकात दोन्ही आहेत," ते म्हणायचे. दोन्ही असतात हे मला माहीत होतं. म्हणूनच.

मावशी नारळी पौर्णिमेच्या आधी परत आली, बोटी पुन्हा समुद्रात जायच्या वेळेला. बंदरावर काही बुडालं नव्हतं. सुनांनी दलालांना चांगलं पाणी पाजलं होतं, आणि हे ती मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगत होती. पहिल्या रविवारी ती जिन्याशी पाटी उतरवून बसली आणि आईला सगळं सांगू लागली: बर्फ, नातीचं नाक, आणि विमानतळावरच्या साहेबानं डबा उघडायला लावला, वास घेतला आणि घाईघाईनं बंद करायला सांगितला. "ताजी व्हती ती," मावशी म्हणाली. "त्या मेल्याला काय कलतं. पोरीनी रातीच खाल्ली."

मी आतल्या खोलीत होतो. तिनं हाक मारली. मी दारात आलो.

तिनं उजव्या हाताची चार बोटं वर केली. "चार दिस," ती म्हणाली. बाकी काही नाही. माझ्या आईला वाटलं, चार दिवसांनी काहीतरी आणणार आहे. चार दिवस म्हणजे तिच्या मुलीनं एकटीनं काढलेले ते दिवस, बाळ आल्यापासून आई पोचेपर्यंतचे. मी मान हलवली.

मग तिनं विचारलं, आईसमोरच, "सांग, कवरा येल लागतो?"

"वीस तास."

"मोठ्यानी."

"वीस तास, मावशी."

त्यानंतर ती बिल्डिंगमध्ये येत होती तोवर, सात-आठ वर्षं तरी, मी दिसलो की हे विचारायची. कधी हसून, कधी न हसता. ती मला माफ करत होती असं काही लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही आणि मला तसं वाटून घ्यायचंही नाही. ती तपासत होती. कल्ला उचलून बघत होती, अजून ताजं आहे का.

पापलेट मी आज खात नाही असं लिहिलं तर ते छान दिसेल, पण ते एकसष्ट तासांसारखं होईल. खातो. आवडीनं खातो. फक्त घेताना मी मासेवालीला विचारतो, पाण्यातून निघून किती तास झाले, आणि ती सांगते त्यावर न थांबता स्वतः कल्ला उचलतो.